बोरघाट : ठेका, मुकादम आणि पगाराचा दिवस

मुंबई-पुणे रेल्वेच्या घाटातल्या कामाने सव्वासात वर्षांत तीन ठेकेदार पाहिले. पहिला काम अर्ध्यावर टाकून निघून गेला. दुसरा विलायतेहून येऊन बोटीतून उतरला आणि पंधरा दिवसांच्या आत वारला. तिसरी त्याची विधवा, अॅलिस ट्रेडवेल. ती इंजिनिअर नव्हती आणि या मुलखाशी तिची ओळख जेमतेम दोन आठवड्यांची होती. तरी घाट पुरा झाला तो तिच्याच नावच्या ठेक्यात. या घाटाची गोष्ट सांगताना आपण सहसा जेम्स बर्कली या मुख्य इंजिनिअरचे नाव घेतो, कड्यांचे आणि बोगद्यांचे वर्णन करतो, फार तर मेलेल्या मजुरांसाठी हळहळतो आणि पुढे जातो. पण जो ठेका मुरब्बी ठेकेदाराच्या हातून निसटला तो एका अनोळखी बाईच्या नावावर तडीस गेला, हे कसे झाले? या प्रश्नाशी थोडे थांबले की मोठे काम पार पाडायला नेमके कोणते कसब लागते, याविषयीच्या आपल्या कल्पना तपासून घ्याव्या लागतात. माझे म्हणणे असे की घाटाला कमी पडले ते आराखड्याचे ज्ञान नव्हते. कमी पडली ती शेवटच्या पाटीवाल्यापर्यंत पैसा, पाणी आणि शब्द वेळेवर पोचवण्याची ताकद. ती ताकद कुणा एका कर्तबगार माणसात नव्हती. ती होती माणसांच्या एका साखळीत, आणि साखळी जिथे तुटली तिथे काम थांबले.

आधी घाट. इंग्रजी कागदांत तो ‘भोर’ म्हणून येतो आणि आपणही आता तसेच लिहू लागलो आहोत. पण भोर गाव तिकडे दक्षिणेला राहिले, हा बोरघाट. खोपोली-खंडाळ्याच्या मधला. कार्ल्याची लेणी ज्या व्यापारी वाटेच्या आसऱ्याने उभी राहिली तीच ही वाट. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत तिच्यावरून गाडीरस्ता झाला. रेल्वेला मात्र गाडीरस्त्याचा चढ चालत नाही. पायथ्याशी समुद्रसपाटीपासून सुमारे १९६ फूट आणि माथ्याशी २,०२७ फूट, म्हणजे १,८३१ फुटांची उंची जवळजवळ १६ मैलांत चढायची होती. सरासरी दर ४६ फुटांना एक फूट चढ, काही ठिकाणी तर ३७ फुटांना एक. त्यासाठी २५ बोगदे, आठ मोठे कमानीपूल, आणि कातळ फोडून काढलेले सुमारे वीस लाख घनयार्ड दगड-मुरूम. एका ठिकाणी डोंगराने पुढे वळायलाच जागा ठेवली नाही, म्हणून गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट दिशेने चढायचे अशी युक्ती केली. ते उलट वळणाचे स्टेशन १९२९ मध्ये नवा मार्ग होईपर्यंत चालले. जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. शिंग्रोबा धनगराने गोऱ्या साहेबाला डोंगरातली वाट दाखवली आणि बदल्यात जीव गमावला, अशी त्याची कथा. दप्तरात तिला आधार शोधण्यात अर्थ नाही, आणि ती रस्त्याची की रेल्वेची याबद्दलही सांगणाऱ्यांचे एकमत नसते. पण नकाशा काढणाऱ्याला वाट कुणीतरी दाखवावी लागते, एवढी गोष्ट लोकांनी पक्की लक्षात ठेवली.

काम २४ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाले. वर्ष बारा महिन्यांचे असले तरी घाटात काम सात-आठ महिन्यांचेच. लोणावळा-खंडाळ्याला पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. जूनमध्ये मजूर पांगायचे, कुणी शेतीला तर कुणी गावाला, आणि ऑक्टोबरात ते परत येतील अशी आशा ठेवायची. उन्हाळ्यात नेमके उलटे संकट : तोच डोंगर कोरडाठाक पडतो. बोगद्यांचे तर वेगळेच दुखणे होते. सपाट मुलखात लांब बोगद्याला वरून विहिरीसारखे खड्डे पाडतात आणि एकाच वेळी अनेक तोंडांनी काम धरतात. इथे वर सरळ कडा, खड्डे पाडायला जागा नाही. त्यामुळे दोन टोकांकडूनच आत शिरायचे. बोगद्याची रेघ आखायला माणसांना दोरखंडांनी कड्यावरून खाली सोडावे लागे. काळा पाषाण, घण आणि पहार. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, भोकातली भुकटी काढायची, मग बंदुकीची दारू ठासून वात लावायची आणि पळायचे. तोंडाशी मावतील तेवढीच माणसे तिथे कामाला लागणार. म्हणजे मजूर वाढवून बोगदा लवकर होत नाही. तो लवकर होतो तो त्या मोजक्या, हात बसलेल्या जोड्या सुटून जाऊ न देता कामावर टिकवल्या तर. सुरुंगाचा जाणकार एका पगाराच्या वादात गावी निघून गेला, तर त्याच्या जागी दहा पाटीवाले आणून काही होत नाही.

पाटीवाल्यांची संख्याही लहान नव्हती. पहिल्या काही हंगामांत हजारोंनी वाढत गेलेला हा जमाव जानेवारी १८६१ मध्ये ४२,००० वर गेला. यात बायका होत्या, पोरेही होती. मातीच्या पाट्या बहुतेक त्यांच्याच डोक्यावर. या आकड्याकडे जरा जवळून पाहू. हिशेबापुरता चार आण्यांचा रोज धरला, तर एका दिवसाचे साडेदहा हजार रुपये होतात. त्या काळचा रुपया म्हणजे चांदीचे नाणे, वजन साडेअकरा ग्रॅमच्या थोडे वर. म्हणजे दिवसाला सव्वाशे किलोच्या आसपास चांदी, आणि २६ दिवसांच्या महिन्याला तीन टनांहून जास्त. शिवाय चिल्लर वेगळी, कारण एका माणसाच्या हातावर आणे-पैच ठेवावे लागतात. ही नाणी मुंबईहून आणायची, पायथ्यापासून वर चढवायची, वाटेत लुटू द्यायची नाहीत, आणि ४२,००० हातांवर मोजून ठेवायची. माणशी अर्धा किलो धान्य धरले तरी रोजचे २१ टन धान्य. माणशी दोन घागरी पाणी धरले तर ८४,००० घागरी, तेही मे महिन्यात. बर्कलीच्या नकाशावर यातली एकही गोष्ट दिसत नाही. दिसायचे कारणही नाही. तो नकाशा कातळाचा होता. पण कातळ ज्यांनी फोडला ते या हिशेबावर जगत होते, आणि हा हिशेब सांभाळणे कुणाचे काम, हे ठेक्याच्या कागदात एका शब्दाने येते : ठेकेदाराचे.

ठेकेदार मात्र एकटा ४२,००० माणसांना ओळखत नाही. त्याच्या हाताखाली उपठेकेदार, बहुतेक गोरे. त्यांच्या हाताखाली मुकादम. मुकादमाच्या हाताखाली टोळी. टोळी म्हणजे बऱ्याचदा एका गावची, एका जातीची, एका नात्यातली माणसे. बेलदारांची वेगळी, वडारांची वेगळी, पाथरवटांची वेगळी. त्यांना उचल देऊन आणणारा मुकादम, त्यांची हजेरी ठेवणारा मुकादम, गोऱ्या साहेबाचे म्हणणे त्यांच्या भाषेत सांगणारा आणि त्यांची तक्रार साहेबाच्या कानावर घालणाराही मुकादमच. आपल्याकडे मुकादम हा शब्द काहीसा हेटाळणीने वापरला जातो आणि त्याला कारणे आहेत. तो मधले पैसे खातो, उचलीत माणसे बांधून ठेवतो. ऊसतोड कामगारांच्या हकिकती वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तरीही घाटाच्या कामात ठेकेदार आणि कातळ यांच्यामधले खरे व्यवस्थापन त्याच्याच हाती होते. त्याला नुसते जुलमी म्हणून सोडून दिले की घाटातली एक मोठी गोष्ट दिसेनाशी होते. मुकादमाची पत टोळीत टिकते ती एकाच गोष्टीवर, त्याने सांगितलेला रोज महिन्याच्या शेवटी हातात पडतो की नाही. वरून पैसा अडला की पहिल्यांदा खोटा पडतो तो मुकादम. आणि मुकादम खोटा पडला की टोळी एक तर उठून जाते, नाहीतर उठून उभी राहते.

जानेवारी १८५९ मध्ये ती उठून उभी राहिली. ठेका तेव्हा विल्यम फॅव्हियलकडे होता. मजुरी थकली होती, मिळत होती ती ठरल्याप्रमाणे नव्हती, आणि खालच्या माणसाला दाद मागायला जागा नव्हती. मजुरांनी गोऱ्या देखरेखवाल्यांवर हल्ला केला. त्यात एका युरोपियनाचा जीव गेला. सरकार हादरले. १८५७ च्या बंडाला अजून दोन वर्षेही झाली नव्हती, आणि डोंगरात हजारो माणसे हातात पहारी घेऊन जमलेली. ही बंडाची ठिणगी म्हणून चिरडून टाकणे सोपे होते. पण चौकशी झाली आणि मजुरांची तक्रार खरी आहे, हे अधिकाऱ्यांना मान्य करावे लागले. मार्च १८५९ मध्ये फॅव्हियलने ठेका सोडला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फॅव्हियल अडाणी नव्हता. बोरीबंदर-ठाण्याची लोहमार्गाची पहिली रेघ त्यानेच ओढली. भागीदार फाउलर तब्येतीमुळे मागे हटल्यावर ते काम त्याने निभावून नेले, आणि १६ एप्रिल १८५३ ला जी गाडी धावली ती त्याने घातलेल्या रुळांवरून. बोरघाट सोडल्यावर त्याने सिलोनमध्ये कोलंबो-कँडी लोहमार्गाचा ठेका घेतला आणि १८६७ पर्यंत तो पुरा केला. तोही डोंगरी चढाचाच मार्ग. म्हणजे बोरघाटाच्या आधीही यशस्वी आणि नंतरही यशस्वी अशा माणसाला अकार्यक्षम कसे म्हणायचे? मी तसे म्हणतही नाही. उलट माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळायचा नाही. कसब माणसाच्या अंगात कायमचे मुरलेले असते आणि तो जाईल तिथे ते सोबत जाते, असे आपण समजतो. फॅव्हियलच्या बाबतीत तोच माणूस, तोच अनुभव, तीच हिंमत. एका ठिकाणी काम झाले, एका ठिकाणी मोडले. फरक पसाऱ्यात होता. ठाण्यापर्यंतची वीस-एकवीस मैलांची सपाटी घोड्यावरून पाहता येते. ठेकेदार स्वतः फिरला तरी पगार कुठे अडला हे त्याला कळते. घाटात त्याच्या आणि पाटीवाल्याच्या मध्ये इतके थर आले की पैसा कुठल्या थराला मुरतो हे दिसेनासे झाले. जून १८५८ मध्ये त्याने कामाचा एक भाग स्वेनसन अॅडमसन आणि जॉर्ज क्लाउझर यांना उपठेक्याने दिला होता. साखळी लांबतच चालली होती.

या दोन नावांवर घाटाची पुढची गोष्ट फिरते. फॅव्हियल गेल्यावर काही महिने रेल्वे कंपनीच्या इंजिनिअरांनीच काम चालवले आणि त्या कामात अॅडमसन व क्लाउझर यांनी फार मेहनत घेतली. मग ठेका विलायतेत सॉलोमन ट्रेडवेलला दिला गेला. तो आला, वारला. अॅलिसपुढे तेव्हा दोन रस्ते उघड होते. ठेका परत करून पुढच्या बोटीने घरी जायचे, किंवा कुणी नवा नामांकित ठेकेदार शोधायचा. तिने तिसराच रस्ता धरला. ठेका स्वतःच्या नावावर ठेवला आणि घाटात आधीपासून असलेल्या अॅडमसन-क्लाउझरना आपले व्यवस्थापक केले. तिच्या नावाने ओळखली जाणारी घाटाच्या कामाची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. अर्धवट कमानी, बांबूची परांची, कड्याला चिकटलेली माणसे. त्या काळात छायाचित्राचा सरंजाम डोंगरात नेणे हेही सोपे नव्हते. पण तिचे खरे कसब कॅमेऱ्यात नव्हते. घाट कुणाला कळतो हे तिला कळले, आणि त्यांच्या मध्ये ती आली नाही. ठेकेदाराचे नाव बदलत राहिले. वाट, कातळ, मुकादम आणि टोळ्या ओळखणारी माणसे तीच राहिली. मला वाटते की थरही कमी झाले. आधी हे दोघे एका ठेकेदाराच्या नफ्यातून आपला नफा काढणारे उपठेकेदार होते. आता ते थेट कामाला जबाबदार व्यवस्थापक झाले. ज्या हातात काम त्याच हातात पगाराची थैली. पहिल्या ठेक्यात पसारा वाढला तसा तो हातातून सुटला. दुसऱ्या ठेक्यात तो त्याहून मोठा, ४२,००० माणसांचा झाला आणि तरी सुटला नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाट खुला झाला.

यावर कुणी म्हणेल की हा सगळा मुकादम-पगाराचा पसारा दुय्यम आहे. घाट बर्कलीच्या डोक्यातून उतरला. त्याच्या वाट्याचे श्रेय काढून घ्यायची माझी इच्छा नाही. इंग्लंडात रॉबर्ट स्टीफनसनसारख्या सल्लागाराच्या नजरेखालून गेलेला, उलट वळणाची हिकमत असलेला आराखडा त्याने उभा केला. डिसेंबर १८५७ मध्ये मुंबईत आणि १८६० मध्ये लंडनच्या इंजिनिअरांच्या संस्थेत त्याने या कामाची जी मांडणी केली, ती त्या काळच्या तांत्रिक लिखाणात उठून दिसते. घाट खुला झाला तेव्हा तो हयात नव्हता. १८६२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात वारला. पण एक साधी गोष्ट पाहावी. मार्च १८५९ च्या आधी आणि नंतर आराखडा तोच होता. चढ बदलला नाही, बोगदे कमी झाले नाहीत, कातळ मऊ पडला नाही. बदलली ती माणसे सांभाळणारी व्यवस्था. एकाच नकाशावर एकदा काम मोडले आणि एकदा पुरे झाले, तर दोन्हींमधला फरक नकाशात शोधून सापडणार नाही. याला एक पुरवणी मात्र जोडली पाहिजे. फॅव्हियलच्या तीन हंगामांत वाटा झाल्या होत्या, खोपट्या उभ्या होत्या, बोगद्यांची तोंडे उघडली होती, टोळ्यांना घाट माहीत झाला होता. दुसऱ्याने कळस चढवला तो पहिल्याच्या पायावर. हे विसरून फॅव्हियलला खलनायक करणे अन्यायाचे होईल. एवढेच की तयार पायावरही पगार थकला असता, तर कळस चढला नसता.

कसब कशाला म्हणायचे, याचा आणखी एक पुरावा याच रेल्वेच्या कामात आहे. जमशेटजी दोराबजी नायगमवाला या पारशी ठेकेदाराला शाळेचे शिक्षण जवळपास नव्हते. तरी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे एकामागून एक ठेके त्याला मिळत गेले आणि त्याने ते पार पाडले. विलायतेहून आलेल्या, कागदपत्रांत तरबेज असलेल्या ठेकेदारांपैकी काहीजण बुडाले, हा तरला. त्याला कारण दैवी नाही. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे त्यांची भाषा, त्यांचे सण, पेरणीला कोण जाणार आणि दिवाळीनंतर कोण परतणार, चुनखडी कुठली चांगली, गाडीवान किती घेईल, हे त्याला विचारावे लागत नव्हते. मजुराशी बोलायला त्याला दुभाषा लागत नसे, आणि दुभाष्याचा थर गेला की त्या थराची गळतीही जाते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. पगार वेळेवर गेला, साखळी जुळली, घाट पुरा झाला, हे सगळे मान्य. पण माणसे मेली त्याचे काय? १८५९-६० च्या हंगामात, म्हणजे व्यवस्था सुधारली असे मी ज्या काळाबद्दल म्हणतो आहे नेमक्या त्याच काळात, पटकीने घाटात हाहाकार उडवला. इतिहासकारांचे अंदाज हजारोंत जातात. गर्दी, घाण पाणी, ओढ्याकाठच्या खोपट्या, अपुरे अन्न. एका खोपटीत आलेली पटकी आठवड्यात टोळी संपवते. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही आणि काढायचाही नाही. त्याने माझा मुद्दा बाद होत नाही, पण त्याची किंमत उघडी पडते. अॅडमसन आणि क्लाउझर कुशल होते, पण ज्या गोष्टींचा जाब त्यांना विचारला जात होता त्याच गोष्टींत. काम थांबले तर कंपनी विचारणार, सरकार विचारणार. पाटीवाला मेला तर त्याच्या जागी मुकादम दुसरा आणणार, आणि विचारणारे कुणी नाही. पगार थकला की माणसे दंगा करतात, म्हणून पगाराचे कसब वाढले. मेलेला माणूस दंगा करत नाही, म्हणून पाण्याचे कसब वाढले नाही. पाणी कुठून आणायचे हे त्यांना येत नव्हते असे नाही. ते शिकायची सक्ती त्यांच्यावर कुणी केली नाही.

सक्ती नसण्याचे एक कारण हिशेबातच होते. रेल्वे कंपनीने १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी जो करार केला, त्यात भागधारकांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. घाटाला सुमारे ११ लाख पौंड लागले, मैलामागे सत्तर हजारांच्या जवळ. खर्च फुगला तरी भागधारकाचे व्याज हलत नव्हते. झळ बसली तर ती रयतेला, जिच्यातली काही माणसे या घाटात पाट्या वाहत होती. खर्चाची चिंता नाही, माणसाची चिंता नाही; उरली ती एकच चिंता, वेळेची. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली होती, आणि खाली खोपोलीपर्यंत गाडी त्याही आधीपासून येत होती. दोन्ही टोकांना रेल्वे कमावते आहे आणि मधल्या डोंगरात उतारू पालखीत, तट्टावर, बैलगाडीत बसून वर चढताहेत, असे ते चित्र. मधला तुकडा जोडायची घाई कुणालाही समजेल.

त्या घाईची दुसरी खूण लवकरच दिसली. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, घाटातला महू-की-माळीचा कमानीपूल कोसळला. पन्नास पन्नास फुटांच्या आठ कमानींचा हा पूल. खुला होऊन चार वर्षे झाली होती. घाट पुरा करणाऱ्या साखळीने चिनाईत काय केले, हे त्या दगडांनी सांगितले. आत भरलेली रोडी, वरून नेटका दिसणारा दर्शनी दगड, चुना मुरायला न दिलेला वेळ. मापावर पैसे घेणाऱ्या कुठल्याही कामातला हा नेहमीचा धोका. मजुरीचे माप घनफुटांत मोजता येते. चुना नीट मळला का, दगड आतपर्यंत अडकवला का, याचे माप फक्त एखादा मन लावून पाहणारा मिस्तरी देऊ शकतो, आणि त्याला वरून अधिकार असला तरच त्याचे कुणी ऐकते. म्हणजे साखळी पगार खाली पोचवू शकत होती, पण चिनाईबद्दलचे सत्य खालून वर पोचवू शकत नव्हती. पूल पुन्हा बांधावा लागला.

‘प्रकल्प व्यवस्थापन’ हा शब्दच तेव्हा नव्हता, मग त्या काळावर आजचे मोजमाप कशाला लावायचे, असेही कुणी विचारील. शब्द नवा आहे, हे खरे. कामाच्या वेळापत्रकाचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते हेन्री गँटच्या नावाने विसाव्या शतकात रूढ झाले. कामांचा निर्णायक मार्ग (क्रिटिकल पाथ) शोधण्याच्या गणिती पद्धती १९५० च्या दशकाच्या अखेरीस आल्या. अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ मध्ये निघाली. आज या व्यवसायाच्या पात्रतेच्या याद्यांत वेळ, खर्च, दर्जा, जोखीम, संवाद, नेतृत्व अशी सदरे असतात आणि त्यांच्या परीक्षा होतात. याद्या वाईट नाहीत. पण त्या वाचताना वाटते की ही सगळी कसबे एका माणसाच्या डोक्यात भरली की काम होईल. बोरघाटात वेळेचे कसब एकाकडे होते, भाषेचे दुसऱ्याकडे, कातळाचे तिसऱ्याकडे, आणि माणसे गोळा करण्याचे मुकादमाकडे, ज्याला कुणी परीक्षेला बसवले नसते. शिवाय १८५९ च्या चौकशीत जे पाहिले गेले ते आजच्या प्रश्नांपेक्षा वेगळे नव्हते : पैसा कुठे अडला, शब्द कुणी दिला, माहिती वर का आली नाही. ते प्रश्न आपण त्या काळावर लादत नाही. त्या काळानेच ते स्वतःला विचारले होते.

उत्तर मात्र सरकारने आपल्या पद्धतीने दिले. १८६० मध्ये रेल्वे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरांचे मालकांशी होणारे वाद झटपट निकालात काढण्यासाठी नवव्या क्रमांकाचा कायदा झाला. थकलेल्या मजुरीसाठी मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे जायची वाट त्याने उघडली, ही मोठी गोष्ट. गावाकडच्या वडाराला आपल्या आण्यांसाठी सरकारी दारात उभे राहता येईल, हे दोन वर्षांपूर्वी सुचलेही नसते. पण त्याच कायद्याने कबूल केलेले काम सोडून जाणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवायचीही सोय केली. ठेकेदाराने पैसे बुडवले तर तो देण्याघेण्याचा वाद. मजूर निघून गेला तर शिक्षा. चौकशीत दोष वरच्या थरांचा निघाला होता, तुरुंगाची तरतूद झाली ती खालच्या थरासाठी. कामावरचा माणूस मुदतीआधी पळू नये, एवढे त्या कायद्याने साधण्यासारखे होते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात त्याने गावाहून पुन्हा घाटात यावे, यासाठी त्यात एकही कलम नव्हते; ते काम पूर्वीसारखेच मुकादमाकडे राहिले.